डावीकडे झुकलेल्या कळ्या

सुलेखाताईला बसता येत नाही. तब्येत ठणठणीत आहे, घरात खुर्च्याही पुष्कळ आहेत, पण तिचं आणि खुर्चीचं जमत नाही. जेवते ती ओट्याला टेकून, फोनवर बोलते जिन्यात, आणि सिनेमा बघायचा झाला तर सोफ्याच्या मागे येरझाऱ्या घालत बघते. शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी आणायला गेलो की मला गाडीला जागा मिळेपर्यंत ती तीन दुकानं फिरून परत आलेली असते, आणि जिच्यासाठी गेलो ती कोथिंबीर राहिलेली असते. मग पुन्हा पळत जाते.

तिच्या हातात पेन्सिल आली की मात्र ही सगळी चुळबुळ कोपराशी येऊन थांबते. पाय तेव्हाही हलतच असतात, मान हलते, ओठ काहीतरी पुटपुटतात, पण मनगटाच्या खाली एकदम सामसूम. बाहेर मिरवणूक चाललेली असावी आणि आत एका खोलीत कुणीतरी अत्तर ओतत बसलेलं असावं, तसं.

मी तिच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. मी पाचोऱ्याचा. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला पीटीचे सर यायचे आणि 'शांतता राखा, काहीही काढा' एवढंच सांगून पेपर वाचायचे. वर्गातली निम्मी पोरं डोंगर, सूर्य आणि झोपडी काढायची. उरलेली त्यांचं बघून तेच काढायची. असल्या माणसाला सुलेखाताईचं काम कळावं ही अपेक्षाच चूक. तिची आई, म्हणजे शुभाकाकू, सांगायच्या, "ती म्युझियमसाठी काम करते रे." मला बरेच दिवस वाटत होतं, तिकिटं फाडत असेल.

मग कळलं की लोक जमिनीतून जुन्या वस्तू खणून काढतात आणि सुलेखाताई त्यांची चित्रं काढते. मडकी, दगडावरची कोरीव अक्षरं, भिंतींवरची रंगकामं. मी तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याच्या आत्मविश्वासाने विचारलं होतं, "अगं मग फोटोच काढायचा ना सरळ?"

ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, "देव, फोटो सगळंच दाखवतो. राजाही दाखवतो आणि राजावरचं शेवाळंपण. कुठलं शेवाळं नि कुठला राजा, ते कुणीतरी डिसाइड करायला लागतं ना? ते मी करते."

माझं नाव देवदत्त. पहिल्याच दिवशी तिने मला अर्ध्यावर आणलं. तिचा जन्म इथलाच, शिकागोचा. मराठी सगळं आईच्या स्वयंपाकघरात शिकलेली, त्यामुळे 'परतणे', 'कालवणे', 'उकळी येणे' ही क्रियापदं पक्की, आणि बाकी सगळ्याला 'करणे' जोडून मोकळी.

तिच्या धंद्यात तीन नियम आहेत, आणि ते तिने मला जेवणाच्या टेबलावर मीठ सांडून समजावले होते. जे डोळ्यांनी पाहिलं ते सलग रेघेने काढायचं. जे तिथे असावं असं वाटतं, ते तुटक रेघेने. आणि जे माहीत नाही ती जागा कोरी सोडायची. "दॅट्स इट," ती म्हणाली, "हे मोडलं की मग मी आर्टिस्ट नाही, मी गॉसिप."

मी म्हटलं, "आमच्या पाचोऱ्यात तुटक रेघ नसतेच. सगळं सलग सांगतात."

"म्हणून तू तिकडून पळालास," काकू म्हणाल्या.

आता भिंतीबद्दल. ग्वाटेमालाच्या जंगलात मोठ्या देवळाच्या पोटात एक लहानशी खोली सापडली. तेराशे वर्षांपूर्वी तिथल्या माया लोकांनी आधीची खोली तशीच आत ठेवून वर देऊळ चढवलं होतं. त्या खोलीच्या एका भिंतीवर रंगवलेली माणसांची रांग आहे. कुणी मडकं घेऊन, कुणी पिसांचा झुबका घेऊन, आणि एक बाई वाडगा पुढे करून सरदाराकडे निघालेली. सुलेखाताईने तीन वर्षांपूर्वी तिथे खणलेल्या बोगद्यात पालथं पडून, कपाळाला दिवा बांधून ती सगळी रांग कागदावर उतरवली. काम झाल्यावर खणणाऱ्यांनी बोगदा पुन्हा मातीने भरून टाकला, कारण हवा लागली की रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणजे ती भिंत आता कुणालाच दिसत नाही. उरले ते फोटो आणि सुलेखाताईच्या रेघा.

त्या रेघांवरून शिकागोतल्या एका म्युझियमने ती भिंत पूर्ण आकारात नव्याने रंगवायला सांगितली. हे काम ती दीड वर्ष करत होती. चुन्याचा गिलावा केलेले मोठे फळे, त्यावर नीळ आणि पांढरी माती एकत्र तापवून केलेला निळा रंग. घरात त्या निळ्याचे ठसे फ्रिजच्या दारापासून माझ्या पोस्टाच्या पाकिटांपर्यंत सगळीकडे असायचे. गणपतीनंतरच्या शनिवारी उद्घाटन होतं आणि त्या दिवशी मार्था बोलणार होती. मार्था म्हणजे ते खोदकाम चालवणारी बाई. वय सत्तर, गुडघा दुखरा, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. हे तिचं निवृत्तीचं भाषण. विषय होता त्या बाईच्या हातातला वाडगा.

त्या वाडग्यात मक्याच्या पिठाचे वाफवलेले तीन गोळे आहेत. दोन साधे, आणि तिसऱ्याला वरपर्यंत चुण्या घातलेल्या. त्या चुण्यांवरून मार्थाने मोठा निबंध लिहिला होता: हे नुसतं पोट भरायचं अन्न नाही, सणाचं आहे, कुणा बाईने बोटांचं कसब लावून घडवलेलं आहे. लोकांना तो निबंध फार आवडला होता.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या मात्र बुधवारपर्यंत कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

बुधवारी चतुर्थी होती. काकूंच्या ओट्यावर उकड मळून झालेली, सारण गार होत असलेलं. काकू मूळच्या अलिबागच्या. इथल्या औषधांच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं फार्मसिस्टचं काम केलं आणि त्या काळात कुठल्याही डॉक्टरचं अक्षर आपल्याला अडलं नाही असं त्या दर सणाला सांगतात. मोदकांच्या बाबतीत तर त्या नम्रतेचा विचारसुद्धा मनात आणत नाहीत. माझ्या वाट्याला फक्त सारणाचा गूळ किसायचं काम आलं होतं, कारण मी खानदेशी.

"तुमच्याकडे मोदक तळतात ना रे?" काकूंनी विचारलं.

"हो."

"असू दे. माणसाने कुठून यावं हे त्याच्या हातात नसतं."

सुलेखाताई उभ्या उभ्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, तळहातावरच्या पारीला कळ्या पाडत होती. मायक्रोवेव्हला टेकवून म्युझियमचं निमंत्रण ठेवलं होतं. त्यावर वाडग्याचंच चित्र छापलं होतं. काकूंनी हात पुसले, चष्मा लावला, कार्ड जवळ धरलं, मग लांब धरलं.

"अगं सुलू, हा माझा मोदक!"

मी हसलो. "काकू, मायांनी रेसिपी नेली होती का तुमच्याकडून?"

"चेष्टा करू नकोस. इकडे ये. कळ्या कुठे झुकल्यात बघ. डावीकडे. सगळ्या जगाच्या उजवीकडे झुकतात. मी डावखुरी, म्हणून माझ्या डावीकडे. सासूबाईंनी यावरून मला पहिल्या गणपतीला केवढं बोलून घेतलं होतं! म्हणे, उलटे मोदक देवाला चालत नाहीत. आणि शेंडा बघ. शेंड्याला मी शेवटी पीळ देते, तसाच्या तसा आहे."

मी कार्ड बघितलं. मग सुलेखाताईच्या हातातला मोदक बघितला. ती सगळं उजव्या हाताने करते, पण मोदक शिकली डावखुऱ्या आईकडे बघून. तिच्याही कळ्या डावीकडेच. आणि शेंड्याला पीळ.

"ताई," मी म्हटलं, "काकूंना रॉयल्टी द्यायला लागणार तुला."

सुलेखाताई हसली नाही. तिने हातातला मोदक ताटात ठेवला, कार्ड घेतलं, आणि खाली बसली. स्वयंपाकघराच्या फरशीवर, ओट्याला पाठ लावून. तिला असं निमूट बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तेवढ्यावरून मला कळलं की हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही.

त्या दिवशी गणपतीला नैवेद्य उशिरा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घराची घडी विस्कटली. सुलेखाताईने जेवणाच्या टेबलावर, सोफ्यावर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर फोटो पसरले. त्या भिंतीचे दिव्याच्या वेगवेगळ्या प्रकाशातले फोटो. दोन साधे गोळे सगळ्यांत दिसत होते. तिसऱ्याच्या जागी पांढऱ्या क्षारांचा पापुद्रा आलेला. कुठल्याही फोटोत बघा, पापुद्राच. तिने भिंग लावलं, मी मोबाइलवर मोठं करून बघितलं. पापुद्राच मोठा झाला.

"मग मूळ चित्रात काय आहे?" मी विचारलं.

तिने बोगद्यात काढलेला कागद दाखवला. चुण्या होत्या. सलग रेघेने.

"मग झालं! सलग आहे म्हणजे तू पाहिलंस."

"किंवा माझ्या हाताने पाहिलं," ती म्हणाली, आणि कागद घेऊन जिना चढली, उतरली, परत चढली. "देव, मी तिथे रोज सहा तास पालथी पडायचे. जेवायला नुसता राजमा-भात. तो गोळा दिसला, स्टीम केलेलं पीठ, आत काहीतरी भरलेलं. माझ्या डोक्यात दुसरं काय येणार? मला आठवत नाहीय की मी ते बघितलं. मला फक्त काढल्याचं आठवतंय."

"पुन्हा जाऊन बघता येणार नाही?"

"देअर इज नो वॉल. तिथे आता माती आहे. आणि माझ्या एका मोदकासाठी ती कोणी उकरली तर सगळा रंग जाईल."

मला खरंच बरं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "मग काळजी कसली? कोणालाच कधी कळणार नाही."

ती पायरीवर थबकली. "एक्झॅक्टली," ती म्हणाली.

एकाच वाक्याने एका माणसाला बरं वाटावं आणि दुसऱ्याचा चेहरा पांढरा पडावा, असं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

दुपारी तिने मला ऑफिसातून अर्धी सुट्टी घ्यायला लावली आणि आम्ही तमाले शोधायला निघालो. मक्याच्या पिठाचे ते वाफवलेले गोळे इथे मेक्सिकन आणि ग्वाटेमालन दुकानांत मिळतात. तिला एखादा तरी चुण्यांचा सापडायला हवा होता, म्हणजे निदान असं करतात एवढं तरी म्हणता आलं असतं. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत आम्ही दिसेल त्या दुकानात शिरलो. सगळे तमाले केळीच्या पानात किंवा मक्याच्या सालीत गुंडाळलेले. गाडीतच सोडून बघायचे. आत गुळगुळीत. एका दुकानातल्या बाईला तिने स्पॅनिशमधून विचारलं, तर ती म्हणाली, तिच्या मावशीच्या गावात काहीतरी वेगळं करायचे, पण काय ते तिला आठवत नाही. सुलेखाताई तेवढ्यावर वीस मिनिटं आशेवर होती. मग पुढच्या सिग्नलला स्वतःच म्हणाली, "आज कोणी केलं, म्हणून तेराशे वर्षांपूर्वी केलं असं होत नाही. मी काय करतेय?"

"जेवतोय आपण," मी तोंड भरलेलं असताना म्हटलं.

इकडे घरी काकू स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कार्डाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरचा मोदक शनिवारी म्युझियममध्ये. अवश्य यावे. पार्किंग मिळत नाही, लवकर निघावे.' संध्याकाळपर्यंत नेपरव्हिलची दोन कुटुंबं, सुवर्णाकाकू, आणि मिलवॉकीहून उल्हासकाका यायचं ठरलं. उल्हासकाकांनी तर माया लोक मूळचे कोकणातलेच, असा मजकूरही पुढे पाठवून दिला होता.

सुलेखाताईने ते वाचलं आणि फोन ओट्यावर पालथा घातला. "आई, मी ते काढून टाकणार आहे. भिंतीवरून."

"काय काढून टाकणार?"

"चुण्या."

काकूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा मोदक पुसणार तू?"

"तो तुझा आहे, हाच प्रॉब्लेम आहे."

"एवढ्या मोठ्या भिंतीत एवढासा मोदक. कोणाचं काय बिघडलं गं? चाळीस वर्षं या देशात राहिले. माझं म्हणून काय आहे इथे कुठल्या भिंतीवर?"

हे त्या भांडणाच्या भरात बोलून गेल्या, पण बोलल्यावर त्यांनाच ते पेलेना. त्या मोदकपात्र घासायला लागल्या. ते आधीच घासलेलं होतं.

सुलेखाताई त्यांच्याजवळ गेली, लांब झाली, परत गेली. "त्या बाईचंपण दुसरं काही नाहीय, आई," ती म्हणाली. "त्या वाडगेवालीचं. तिचं नाव कुठे नाही. तिने काय केलं होतं तेवढंच तिचं. तिथे मी तुझं ठेवलं तर तिचं काय राहिलं?"

काकूंनी पात्र पालथं घातलं. "मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तू काय ऐकणारेस थोडीच."

शुक्रवारी सकाळी सुलेखाताई मला घेऊन म्युझियममध्ये गेली. तिला एकटीला गाडी चालवू द्यायची माझीच हिंमत नव्हती. सिग्नलला ती ब्रेकवर पाय नाचवते. भिंत उभी राहिली होती. फळे जोडलेले, वर दिवे लावलेले. मी ती अशी उभी पहिल्यांदाच बघितली, आणि ती सगळी माणसं आपल्याला ओलांडून निघाली आहेत असं वाटून जरा बाजूला सरकलो. मार्था एका घडीच्या खुर्चीवर गुडघा ताणून भाषणाचे कागद चाळत होती.

सुलेखाताईने तिच्याभोवती फेऱ्या मारत सगळं सांगितलं. आई, डावा हात, पापुद्रा, तमाले, सगळं. इंग्रजीत तिचं बोलणं धावतं, तरी त्या दिवशी अडखळत होतं. मार्थाने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "चुण्या नव्हत्या, असं तुला वाटतं?"

"होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. मी पाहिल्या असं मला आता म्हणता येत नाही."

मार्थाने भाषणाचा एक कागद उलटा केला आणि पेन्सिल पुढे केली. "डोळे मीट. तो गोळा काढ."

सुलेखाताईने डोळे मिटून काढला. एका दमात, सगळ्या कळ्या, शेंड्याचा पीळ. मी बघत होतो. ओट्याजवळ उभी असते तेव्हा बोटं फिरतात, तशीच बोटं फिरली.

"आता त्या बाईच्या मागच्या माणसाचं मडकं काढ."

इथे हात अडला. थोडी रेघ गेली, थांबली. "इथे गिलावा उडालेला होता," ती डोळे मिटूनच म्हणाली. मग थोडं सोडून पुढून सुरू केलं. "इथे मुळी आली होती झाडाची, तिच्याखालचं दिसत नव्हतं." पुन्हा सोडलं. मडकं अर्धंमुर्धंच झालं.

तिने डोळे उघडले आणि दोन्ही चित्रं बघितली. मार्थानेही बघितली. माझ्यासारख्या डोंगर-झोपडीवाल्यालासुद्धा दिसलं. मडक्याला जागोजागी भेगा होत्या. मोदक सबंध होता. तेराशे वर्षांच्या भिंतीवर सबंध काही नसतं. सबंध असतं ते ओट्यावर.

मार्थाने पेन्सिल परत घेतली. मग म्हणाली, "हे तू मला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस."

"तीन वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं."

"ते कळतंय मला. तरी थोडा वेळ चिडू दे."

आम्ही तिला चिडू दिलं. ती उठली, लंगडत खोलीच्या टोकापर्यंत गेली, तिथे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि परत आली. भाषणाचे मधले कागद तिने वेगळे काढले, दुमडले आणि पर्समध्ये घातले. फेकले नाहीत, हे मी बघितलं. "रंग आणलायस?" तिने विचारलं.

सुलेखाताईच्या पिशवीत चुन्याचा डबा आणि ब्रश घरून निघतानाच ठेवलेले होते.

मला भिंतीपासून लांब उभं राहायची ताकीद मिळाली. तिने कळ्यांवर चुना फिरवला आणि वाळू दिला. वाळेपर्यंत ती म्युझियमभर किती हिंडली असेल कोण जाणे, पहारेकऱ्याने मला दोनदा येऊन विचारलं की त्या बाईंचं काही हरवलंय का. मग ती आली, आणि त्या जागी गोळ्याच्या नुसत्या आकारात बारीक, फिकट, उभ्या रेघा भरल्या. लांबून बघावं तर तिथे काहीतरी आहे. जवळ जावं तर कळतं, इथे काय होतं ते आम्हाला माहीत नाही.

शनिवारी मंडळी वेळेवर आली, म्हणजे भाषण निम्मं झाल्यावर. सुवर्णाकाकूंनी जरीची साडी नेसली होती. उल्हासकाका प्रत्येक आकृतीसमोर 'कोकण, कोकण' असं मान हलवत पुढे सरकत होते. मार्थाने सगळ्यांदेखत सांगितलं की वाडग्यातल्या तिसऱ्या गोळ्याबद्दल आपण जे लिहिलं ते आता आपण मागे घेतो. कारण सांगताना तिने सुलेखाताईचं नाव घेतलं. लोक भिंतीकडे वळले. सुलेखाताई खांबामागे गेली.

शुभाकाकू मंडळींना घेऊन वाडग्यासमोर उभ्या होत्या. मला वाटलं, आता तमाशा.

"कुठाय हो मोदक?" सुवर्णाकाकूंनी विचारलं.

काकूंनी बोटाने दाखवलं. "हा इथे होता. मुलीने काढून टाकला."

"अगंबाई! का?"

"माझा होता म्हणून," काकू म्हणाल्या, आणि आवाज असा लावला की जणू हा मोदक भिंतीवर असण्यापेक्षा काढला जाणं हाच मोठा मान. मग पिशवीतून डबा काढून सरळ मार्थापुढे धरला. म्युझियममध्ये खाणं मना आहे, असं मी पुटपुटलो. काकूंनी ऐकलं नाही आणि मार्थानेही नाही.

मार्थाने मोदक उचलला, दिव्याखाली फिरवून बघितला. कळ्या डावीकडे. शेंड्याला पीळ. "हाच," ती म्हणाली. "याच्यावर मी तीन वर्षं भाषणं दिली." मग तो अख्खा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "निबंधापेक्षा चांगला आहे."

हे सुलेखाताईला सांगायला मी तिला शोधायला लागलो. खांबामागे नव्हती. ती होती भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला, उकिडवी, भिंग डोळ्याला लावून, पिसांचा झुबका नेणाऱ्या माणसाच्या कमरेपाशी. तिचा एक पाय सारखा हलत होता.

"ताई, चल, सगळे तुला शोधतायत. मार्थाने मोदक खाल्ला."

"देव, ही गाठ बघ. याच्या कमरेच्या कापडाची."

"बघितली. छान आहे."

"याच्यात एकपण भेग नाहीय." ती उठली. "लहानपणी आई माझ्या परकराच्या नाडीला गाठ कशी मारायची, यू थिंक तिला आठवत असेल?"

"काकूंना आत्ता विचारू नकोस," मी म्हटलं, "मंडळींसमोर तर अजिबात नको," पण ती तोवर गर्दीतून वाट काढत आईच्या दिशेने निघालीही होती.